यूएन ड्रमची टेस्टिंग कशी असते आणि कशी करून घ्यायची (बुचासकट)

परवा ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला, नवीनच लागलाय तळोज्याला एका केमिकल कंपनीत, डिस्पॅच बघतो. म्हणे दादा, सल्फ्युरिकचे कारबे (प्लास्टिकचे मोठे कॅन) आफ्रिकेला चाललेत, पस्तीस लिटरचे, अठ्ठ्याण्णव टक्केवालं ॲसिड, आणि शिपिंग लाइनवाला पॅकेजिंगचं टेस्ट सर्टिफिकेट मागतोय, आता कारब्यावर यूएन छापलेलं दिसतंय की, अजून काय पाहिजे त्याला? मी म्हटलं त्या छाप्याचा फोटो पाठव. त्या फोटोवर शेवटी येतो. यूएन ड्रम म्हणजे धोकादायक माल न्यायला संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे टेस्ट झालेला आणि तसा छापा असलेला ड्रम. आधी सगळं एकदाच लिहून टाकतो, कारण हे मला वर्षातून दहा जण तरी विचारतात आणि दर वेळी फोनवर अर्धा तास जातो.

माझी सतरा वर्षं प्लास्टिक ड्रममध्येच गेली, आधी ब्लो मोल्डिंग मशीनवर आणि मग क्वालिटीत, त्यामुळे जे लिहितोय ते जास्त करून प्लास्टिक ड्रम आणि कारब्यांबद्दल आहे, लोखंडी बॅरलचं मध्ये मध्ये येईल. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सोपं जाईल. ड्रम कधी एकटा पास होत नसतो. ड्रम, त्याचं बूच, बुचातलं गास्केट (गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी) आणि ते बूच किती आवळलं, हे चौघं मिळून पास होतात, यातला एक बदलला की तुमच्या हातातलं सर्टिफिकेट दुसऱ्याच कुठल्यातरी ड्रमचं आहे असं समजा.

आता तो छापा वाचायला शिका. गोलात एकाखाली एक यू आणि एन असतं, त्याच्यापुढे समजा ३एच१/वाय१.९/१५०/२४/आयएनडी आणि मग बनवणाऱ्याचा कोड. ३ म्हणजे जेरीकॅन, म्हणजे आपला कारबा, १ असेल तर ड्रम, ४ असेल तर खोका. एच म्हणजे प्लास्टिक, ए म्हणजे स्टील, जी म्हणजे पुठ्ठा. शेवटचा १ म्हणजे झाकण पूर्ण न निघणारा, बुचाचा, आणि २ म्हणजे वरचं अख्खं झाकण निघणारा, ज्याला सगळे ओपन टॉप म्हणतात. मग वाय. एक्स असेल तर पॅकिंग ग्रुप एक, दोन, तीन सगळ्याला चालतो, वाय असेल तर दोन आणि तीनला, झेड फक्त तीनला. ग्रुप एक म्हणजे सगळ्यात डेंजर. त्यापुढचा १.९ म्हणजे डेन्सिटी, किती जड द्रवासाठी टेस्ट केलाय ते, १५० म्हणजे हायड्रॉलिक टेस्ट किती किलोपास्कलला केली, २४ हे बनवल्याचं वर्ष आणि आयएनडी म्हणजे मंजुरी कुठल्या देशाची. पावडर किंवा घन मालाच्या ड्रमवर डेन्सिटीच्या जागी किलो असतात आणि प्रेशरच्या जागी एस असतो. एस छापलेल्या ड्रममध्ये द्रव भरलेला मी स्वतः बघितलाय, भरणारा म्हणाला एस म्हणजे स्टँडर्ड.

तर पहिलं काम, लॅबला फोन करायच्या आधीचं. तुमच्या मालाची एमएसडीएस म्हणजे सेफ्टी डेटा शीट उघडा, चौदावा सेक्शन काढा, यूएन नंबर, क्लास आणि पॅकिंग ग्रुप लिहून घ्या, मग नवव्या सेक्शनमधून डेन्सिटी आणि व्हेपर प्रेशर (मालाच्या वाफेचा दाब) घ्या. या आकड्यांवर तुम्हाला कुठला ड्रम लागणार हे ठरतं, परचेसवाल्याला कुठला स्वस्त पडतो यावर नाही. सल्फ्युरिक ९८ टक्के घ्या, यूएन १८३०, क्लास ८, पॅकिंग ग्रुप दोन, डेन्सिटी १.८४. म्हणजे वाय तर पाहिजेच पण वाय१.९ पाहिजे. वाय१.४ चा कारबा दिसायला अगदी तसाच असतो, कधी कधी एकाच मोल्डमधून निघालेला असतो, फक्त वजन कमी.

या टेस्ट कुठून आल्या तर संयुक्त राष्ट्रांचे मॉडेल नियम आहेत, त्यावरून जहाजासाठी आयएमडीजी कोड. आपल्याकडे समुद्रमार्गाची मंजुरी डीजी शिपिंग या सरकारी खात्याकडून आणि टेस्टिंग-सर्टिफिकेटचं काम आयआयपी म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग करते, हेड ऑफिस अंधेरी ईस्टला एमआयडीसीत. गॅस सिलिंडर, प्रेशर व्हेसल हा वेगळा विषय, तो नागपूरच्या पेसो या स्फोटकं-सिलिंडरवाल्या सरकारी खात्याकडे जातो, त्यात इथे शिरत नाही. (घरच्या सिलिंडरच्या कड्याजवळच्या पट्टीवर बी-२७ असं काहीतरी असतं ना, ती पुढच्या टेस्टची तारीख, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं डीपर्यंत, पुढे वर्ष. सिलिंडर घेताना बघत जा, कोणी बघत नाही.)

सॅम्पल

ड्रॉपला सहा, लीकला तीन, हायड्रॉलिकला तीन, स्टॅकिंगला तीन असे पंधरा नग लागतात, एक-दोन जास्तीचे न्या. आणि इथे पहिली चालबाजी होते. सॅम्पल म्हणून जाड भिंतीचे, निवडून काढलेले, सुपरवायझरने स्वतः उभं राहून बनवून घेतलेले ड्रम पाठवतात, पास होतात, आणि मग प्रॉडक्शनला प्रत्येक नगात दोनशे ग्रॅम मटेरियल वाचवतात. तुम्ही ड्रम विकत घेणारे असाल तर यावर एकच उपाय, रिपोर्टमधलं रिकाम्या ड्रमचं वजन बघा आणि गेटवर आलेल्या लॉटमधले पाच-सहा ड्रम काट्यावर ठेवा. इतकं साधं आहे. वजन कमी भरलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

बनवणारे असाल तर सॅम्पल चालू लाइनवरून उचला, बूच त्याच बॉक्समधलं घ्या जे कस्टमरला जाणार आहे आणि आवळताना टॉर्क पाना (किती जोराने आवळलं त्याचा आकडा दाखवणारा पाना) वापरून आकडा लिहून ठेवा. लॅबमध्ये तुमच्या माणसाने दात-ओठ खात आवळलं आणि टेस्ट पास झाली तर तो टॉर्क कोणालाच माहीत नाही, मग कस्टमरला क्लोजिंगची सूचना काय देणार? आणि ती द्यावीच लागते, नियमातच आहे, पॅकेजिंग बनवणाऱ्याने बंद कसं करायचं, बूच-गास्केट कुठलं आणि कोणत्या मापाचं हे लिहून द्यायचं असतं. मी कितीतरी कंपन्यांत विचारलंय तो कागद कुठाय म्हणून, तर आधी सर्टिफिकेटच काढून दाखवतात.

ड्रॉप टेस्ट

लोकांना हीच माहीत असते कारण हिचे व्हिडिओ चांगले येतात. ड्रम द्रवासाठी असेल तर ९८ टक्के भरायचा, घन मालासाठी ९५ टक्के. प्लास्टिकचा असेल तर आतल्या मालासकट उणे १८ डिग्रीपर्यंत थंड करायचा, त्यासाठी पाण्यात अँटीफ्रीझ घालतात नाहीतर आत बर्फाचा गोळा होईल आणि टेस्टला अर्थ राहणार नाही. दोनशे लिटरचा ड्रम फ्रीझरमध्ये रात्रभरात उणे १८ ला पोचत नाही हे लक्षात ठेवा, आतल्या द्रवाचं तापमान मोजा, फ्रीझरच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. लोक म्हणतात आपण रोह्यात राहतो, इथे कुठली आलीय उणे १८ ची थंडी. रोह्यात नाही, पण तुमचा कंटेनर जानेवारीत उत्तर युरोपात किंवा रशियात उतरतो आणि तिथला फोर्कलिफ्टवाला आपल्यासारखाच घाईत असतो. थंडीत एचडीपीई, म्हणजे ड्रमचं प्लास्टिक, कडक होतं, ज्या धक्क्याला इथे नुसता पोचा पडला असता तिथे तडा जातो.

उंची किती? ज्या मालासाठी ड्रम आहे त्याच मालाने टेस्ट केली तर ग्रुप एकला १.८ मीटर, दोनला १.२, तीनला ०.८. पण ॲसिड भरून ड्रम कोण आपटणार, सगळे पाण्यानेच करतात, आणि तुमचा माल १.२ डेन्सिटीपर्यंत असेल तर हीच उंची पाण्यालाही चालते. त्याच्यावर गेला की गणित बदलतं, पाणी हलकं म्हणून ड्रम जास्त उंचीवरून टाकायचा म्हणजे जमिनीवर आदळताना जोर तेवढाच येईल. ग्रुप एकला डेन्सिटी गुणिले १.५, दोनला गुणिले १, तीनला गुणिले ०.६७, आणि येणारा आकडा एका दशांशापर्यंत वर न्यायचा. म्हणजे सल्फ्युरिकला १.८४ गुणिले १, म्हणजे १.८४, वर नेलं की १.९ मीटर. माणसाच्या डोक्याच्या वरून. आता कळलं वाय१.९ आणि वाय१.४ मध्ये काय फरक आहे ते.

कसा टाकायचा तर तीन ड्रम एका तऱ्हेने आणि तीन दुसऱ्या. पहिले तीन तिरके, खालच्या किंवा वरच्या कडेवर, तीही अशी की वजनाचा मध्य बरोबर आदळण्याच्या जागेच्या वर असेल. दुसरे तीन सगळ्यात कमजोर जागेवर जी पहिल्या वेळी वाचली, उदाहरणार्थ बूच, किंवा लोखंडी बॅरलला अंगावरची उभी वेल्डिंगची शिवण. खाली फरशी नाही, जड सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवलेली जाड लोखंडी प्लेट असते, हलणार नाही आणि वाकणार नाही अशी. माझ्या अनुभवात अंग फुटून फेल झालेले ड्रम फार थोडे, बुचावर पडून फेल झालेलेच जास्त. बुचाच्या गळ्याची चूड (आटे) चपटी होते, गास्केट एका बाजूला सरकतं आणि बारीक धार लागते. आपटताना बुचातून थोडं उडालं तर ते फेल नाही, पण त्यानंतर गळत राहिलं तर फेल. म्हणून आपटल्यावर लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत, आधी आतलं आणि बाहेरचं प्रेशर सारखं होऊ द्यायचं, ड्रम फिरवायचा, कोरड्या कागदाने बूच पुसायचं आणि थांबायचं.

लीक टेस्ट, जी तुम्ही रोज करू शकता

ही मला सगळ्यात आवडते, एकतर कारखान्यात करता येते आणि दुसरं म्हणजे हिच्याच बाबतीत सगळे झोपलेले असतात. डिझाइन टेस्टला तीन ड्रम घ्यायचे, पाण्याच्या टाकीत दाबून धरायचे, आत हवा सोडायची आणि पाच मिनिटं बुडबुडे बघायचे. ग्रुप एकला ३० किलोपास्कल, दोन आणि तीनला २० किलोपास्कल, कमीत कमी. शॉपफ्लोअरच्या भाषेत ०.२ किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.२ किलो. आता इथे गंमत बघा, कॉम्प्रेसरच्या लाइनला जो गेज लावलेला असतो तो शून्य ते दहा किलोचा, त्यावर ०.२ म्हणजे काटा जागचा हललाय की नाही हेसुद्धा कळत नाही. ऑपरेटर अंदाजाने व्हॉल्व्ह उघडतो, कधी ०.१ कधी ०.६. शून्य ते एक किलोचा गेज लावा, आधी रेग्युलेटर आणि पुढे ०.३५ च्या आसपास उडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. ग्रुप एकचे ड्रम करत असाल तर तो थोडा वर सेट करा.

सेफ्टी व्हॉल्व्ह का, तर ०.२ किलो ऐकायला काहीच वाटत नाही पण दोनशे लिटरच्या बॅरलच्या डोक्याचा व्यास सत्तावन्न सेंटिमीटर धरला तर त्या एका चकतीवर पाचशे किलोच्या वर जोर येतो. एक किलो चुकून गेलं तर अडीच टन. हवेने भरलेला ड्रम फुटला की नुसता चिरत नाही, उडतो. त्यामुळे क्लॅम्प लावल्याशिवाय हवा सोडायची नाही, आणि डोकं वर आणून बुडबुडे बघायला वाकायचं नाही, बाजूने बघा.

टाकी नसेल तर साबणाचं पाणी लावूनही करतात, तेवढीच खात्रीची पद्धत असेल तर चालते. बुचाचा गळा, हँडलची मुळं, मोल्डची जोडरेघ आणि खालची चिमटी म्हणजे जिथे पॅरिसन (मोल्डमध्ये फुगवायची गरम प्लास्टिकची नळी) दाबला जातो, या चार जागा सोडू नका. खालच्या चिमटीतला बारीक पिनहोल डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, साबणाला दिसतो.

आता यातली मेख. नियम असा आहे की द्रवासाठीचा प्रत्येक ड्रम, सॅम्पल नाही, प्रत्येक, पहिल्यांदा वापरायच्या आधी लीक टेस्ट झालेला पाहिजे. चांगल्या कंपन्यांत लाइनवर ऑटोमॅटिक होतं. पण याच नियमात पुढे म्हटलंय की या टेस्टला ड्रमचं स्वतःचं बूच लावलेलं असायची गरज नाही. मशीन आपला रबरी प्लग लावतं, हवा भरतं, ओके म्हणतं. म्हणजे तुमच्याकडे आलेल्या हजार ड्रमचं अंग टेस्ट झालेलं आहे आणि हजार बुचांपैकी एकही नाही. बुचं वेगळ्या पोत्यात येतात, वेगळ्या सप्लायरकडून, आणि तुमचा माणूस ती हाताने लावतो. म्हणून मी सांगतो की भरणाऱ्याने प्रत्येक लॉटमधले निदान पाच ड्रम स्वतःचं बूच स्वतःच्या टॉर्कला आवळून ०.२ किलोला पाच मिनिटं बघावेत. कोणी सांगितलेलं नाही, कुठल्या नियमात नाही, माझ्या सांगण्यावरून करा.

हायड्रॉलिक

हिला थोडक्यात उरकतो. तीन ड्रम पूर्ण पाण्याने भरायचे, आतली हवा पूर्ण काढायची, अगदी गळ्याखालचा बुडबुडासुद्धा, कारण पाणी दाबलं जात नाही आणि हवा दाबली जाते, ड्रम फुटला तर पाणी ओघळेल पण हवा असेल तर तुकडे उडतील. मग प्रेशर हळूहळू वाढवायचं आणि धरायचं, लोखंडी बॅरलला पाच मिनिटं, प्लास्टिकला अर्धा तास. प्लास्टिकला जास्त वेळ कारण ते हळूहळू ताणत जातं, पाच मिनिटं ठीक दिसणारा गळा विसाव्या मिनिटाला सोडतो.

किती प्रेशर हे तुमच्या मालाच्या वाफेवर आहे. ५५ डिग्रीचं व्हेपर प्रेशर घ्या, दीडपट करा, १०० वजा करा, आणि उत्तर १०० च्या खाली आलं तरी १०० धराच. टीएचएफ नावाच्या सॉल्व्हेंटचं ५५ डिग्रीला ७० किलोपास्कल, दीडपट १०५, वजा १०० म्हणजे ५, तरी १०० ला टेस्ट. एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड), जे आपल्या सगळ्या फार्मा कंपन्या टँकरने वापरतात, त्याचं १६४, दीडपट २४६, वजा १०० म्हणजे १४६, म्हणून ड्रमवर १५० छापलेलं पाहिजे. १०० छापलेल्या ड्रममध्ये एमडीसी भरून उन्हात ठेवलेलं बघितलं की मला त्या फुगलेल्या ड्रमकडे पाठ करून उभं राहवत नाही. पॅकिंग ग्रुप एकला, उदाहरणार्थ इथर, कमीत कमी २५०. विमानाने पाठवायचं असेल तर तिथले नियम वेगळे आणि कडक, ते वेगळे बघा.

स्टॅकिंग

तीन मीटर उंच थप्पी लावली तर सगळ्यात खालच्या ड्रमवर जेवढं ओझं येईल तेवढं ओझं ठेवायचं. तीन मीटरमध्ये खालचा ड्रमही धरलेला आहे, हे विसरून लोक एक थर जास्त मोजतात. समजा ड्रम ०.९ मीटर उंच आणि भरलेला ३०० किलो, तर तीनमधून ०.९ गेले, राहिले २.१, भागिले ०.९, गुणिले ३००, झाले ७०० किलो. लोखंडी बॅरलला हे २४ तास. प्लास्टिकच्या द्रवाच्या ड्रमला आणि कारब्याला २८ दिवस, तेही कमीत कमी ४० डिग्रीच्या गरम खोलीत. त्यामुळे कोणी म्हणालं की आठवड्यात प्लास्टिक ड्रमचं नवीन डिझाइन पास करून देतो, तर त्याला नम्रपणे विचारा की २८ दिवस सात दिवसांत कसे बसवलेस.

आणि इथे पास म्हणजे नुसतं गळलं नाही एवढंच नाही, ड्रम इतका कलला किंवा खचला की वरची थप्पी पडेल, तर तो फेल. आपल्याकडच्या गोडाऊनमध्ये तर पत्र्याचं छप्पर, एप्रिल-मे महिना, आणि चार थर. पॅलेटच्या फळ्यांमध्ये फट असेल तर ड्रमची कड त्या फटीत बसते आणि सगळं वजन तीन बोटांच्या पट्टीवर येतं. टेस्टमध्ये जमीन सपाट असते हो.

माल आणि प्लास्टिकचं जमतं का

चारही टेस्ट पास झालेला ड्रम सहा महिन्यांनी गळू शकतो कारण टेस्ट पाण्याने झाल्या. म्हणून प्लास्टिकच्या ड्रममध्ये खरा माल भरून सहा महिने ठेवतात आणि मग त्याच ड्रमांवर टेस्ट घेतात. पहिले २४ तास आणि शेवटचे २४ तास ड्रम उलटा, बूच खाली करून ठेवायचा. बघा, परत बूच. टोल्युइन, झायलीनसारख्यांनी एचडीपीई फुगतं, मऊ पडतं. साबणासारख्या, इमल्सिफायरवाल्या मालाने, म्हणजे बरीचशी कीटकनाशकं आली, ताण असलेल्या जागी बारीक तडे जातात. नायट्रिक ॲसिड प्लास्टिक अक्षरशः खातं. साध्या प्लास्टिक ड्रमची वापरायची मुदत बनवल्यापासून पाच वर्षं, पण ५५ टक्क्यांच्या वरच्या नायट्रिकला दोनच वर्षं. ड्रमवर घड्याळासारखं चक्र कोरलेलं असतं, बाण कुठल्या महिन्याकडे आहे ते बघायचं, ते उगीच नक्षी म्हणून नसतं.

नायट्रिकवरून २०२१ चं एक्स-प्रेस पर्ल आठवत असेल. नवंकोरं जहाज, १४८६ कंटेनर, त्यात २५ टन नायट्रिक ॲसिड. एका कंटेनरमधून ॲसिड गळतंय हे कळल्यावर कतारच्या हमाद आणि आपल्या गुजरातच्या हजीरा बंदरात तो उतरवून घ्या म्हणून विचारलं, दोन्हीकडे नाही म्हणाले, जहाज कोलंबोकडे गेलं, २० मेला आग लागली आणि जूनच्या सुरुवातीला बुडालं. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या दाण्यांचा खच पडला, मासेमारी बंद झाली. गळणारा डबा एकदा जहाजावर चढला की तो कोणालाच नको असतो.

आता गास्केट. हा माझा दुखरा भाग. काही वर्षांपूर्वी मी जिथे होतो तिथे एका कस्टमरच्या सॉल्व्हेंटसाठी आम्ही ड्रम पास करून घेतले होते, गास्केट व्हिटॉन नावाच्या रबराचं. सहा महिन्यांनी परचेसने दर बघितले आणि ईपीडीएम या दुसऱ्या रबराचं आणलं, दोन्ही काळं, दोन्ही गोल, माप तेच, कोणाला विचारायचं कशाला. त्या सॉल्व्हेंटमध्ये हायड्रोकार्बन होतं. ईपीडीएम हायड्रोकार्बनमध्ये पुरीसारखं फुगतं. बंदराच्या यार्डात कंटेनरच्या दारातून वास यायला लागला तेव्हा फोन आला. ऐंशी ड्रमपैकी तेरांची बुचं ओली. मी जाऊन एक उघडलं तर गास्केट हाताला चिकटलं, खोबणीतून बाहेर आलेलं. ड्रमला काहीही झालेलं नव्हतं, आणि सर्टिफिकेटही खरं होतं, फक्त त्या ड्रमचं राहिलं नव्हतं. तर साधा हिशेब लिहून ठेवा, ईपीडीएमला टोल्युइन, हेक्झेन, तेलं चालत नाहीत पण ॲसिटोन चालतं, व्हिटॉनचं बरोबर उलटं, ॲसिटोन-एमईकेसारखे कीटोन नको, हायड्रोकार्बन चालेल, नायट्राइलला तेल चालतं पण कीटोन नको, आणि पीटीएफई (टेफ्लॉन) जवळजवळ सगळ्याला चालतं पण ते दबत नाही म्हणून टॉर्क काटेकोर लागतो. तरीही शेवटचा शब्द टेस्ट रिपोर्टचा, माझा नाही.

भरताना

पूर्ण काठोकाठ भरू नका हे सांगायला नको पण सांगतो. नियम असा की ५५ डिग्रीलाही ड्रम पूर्ण भरलेला नको. २०० लिटर ॲसिटोन २५ डिग्रीला भरलं आणि डेकवरच्या कंटेनरमध्ये ५५ ला गेलं तर साडेआठ-नऊ लिटरने फुगतं. ती जागा आधीच नसेल तर ॲसिटोन बुचातून स्वतःच जागा करून घेतं.

बूच आवळायला टॉर्क पाना, आणि पान्याला पाइप लावून लटकायचं नाही. जास्त आवळलं की प्लास्टिकची चूड ताणली जाते आणि गास्केट कापलं जातं, म्हणजे जो जास्त काळजी करतो त्याचाच ड्रम गळतो. दुसऱ्या दिवशी परत पाना लावून बघा, प्लास्टिक थोडं सैल होतंच, ते किती चालतं हे क्लोजिंगच्या सूचनेत बघायचं. दोन बुचांचा ड्रम असेल तर दोन इंची मोठं बूच सगळे नीट लावतात आणि पाऊण इंची छोटं नुसतं हाताने फिरवून सोडून देतात. आमच्याकडे एक जुना हेल्पर होता तो आवळून झालेल्या प्रत्येक बुचावर खडूने रेघ मारायचा, अर्धी बुचावर अर्धी ड्रमवर, रेघ सरकली की बूच फिरलं हे लांबूनच दिसायचं. मी नंतर कितीतरी महागडे उपाय बघितले, याच्याइतका चालणारा नाही बघितला.

सर्टिफिकेट हातात आलं की रिकाम्या ड्रमचं वजन, क्षमता, बुचाचं आणि गास्केटचं वर्णन, टेस्टची डेन्सिटी, प्रेशर आणि मुदत एवढं समोरच्या ड्रमशी जुळवून बघा, नंबर छाप्याशी जुळतो का तेही. गास्केटच्या रकान्यात नुसतं रबर लिहिलं असेल तर परत पाठवा.

आता त्या मुलाचा फोटो. कारब्यावर ३एच१ होतं, वाय होतं, १०० होतं, वर्ष ताजं होतं, सगळं छान, आणि वायच्या पुढे १.४. त्याला म्हटलं तुझं ॲसिड १.८४ आहे. दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला दादा भरून झालेत ना, तीनशे वीस कारबे. संध्याकाळी मेसेज आला की साहेबांनी बुकिंग रद्द केलं, वाय१.९ ची ऑर्डर गेली आणि आता ते सगळं परत उपसायचंय, पंप ॲसिडला चालणारा आहे का बघतोय. मी विचारलं नवीन कारब्यांचं गास्केट कुठलं सांगितलंस? अजून उत्तर नाही आलं.